बुरशी झाली की नळी का काढतात?

पोटाचे डायलिसिस सुरू झाले की रुग्णाला पहिल्याच आठवड्यात नळी जपायला शिकवले जाते. ती ओढू नये, वाकवू नये, कात्री जवळ नेऊ नये, पट्टा तिच्यावर आवळू नये. जिवाणूंचा संसर्ग झाला तरी डॉक्टर शक्यतो ती वाचवण्याच्या प्रयत्नात असतात. अँटिबायोटिक पिशवीतून पोटात सोडतात आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेकदा संसर्ग बरा होतो. पण प्रयोगशाळेतून 'यीस्ट दिसले', म्हणजे बुरशी सापडली, असा निरोप आला की भाषाच बदलते. नळी काढायची, तीही आज-उद्यातच. रुग्णाला हा अन्याय वाटतो, आणि ते साहजिक आहे. ताप फारसा नाही, पोट कालच्याइतकेच दुखते आहे, मग औषध देऊन बघायला काय हरकत आहे? याचे उत्तर समजून घ्यायचे तर आधी ही व्यवस्था चालते कशी ते नीट पाहावे लागते.

आपल्या पोटातील आतड्यांवर आणि पोटाच्या भिंतीवर आतून एक पातळ अस्तर असते. त्याला पेरिटोनियम म्हणतात. उलगडून मोजले तर ते एक ते दोन चौरस मीटर भरते, म्हणजे अंगावरच्या कातडीच्या जवळपास. त्याच्या आत केशवाहिन्यांचे दाट जाळे आहे. पोटात साखर मिसळलेले पाणी सोडले की या जाळ्यातील युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम त्या पाण्यात उतरतात आणि साखरेच्या ओढीने अंगातले जादा पाणीही बाहेर येते. चार-सहा तासांनी ते पाणी काढायचे आणि नवे भरायचे. सीएपीडी म्हणतात ते हेच. साधारणपणे दोन लिटरची एक पिशवी, अशा दिवसाला तीन किंवा चार. ना मशीन, ना वीज. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या माणसाला आठवड्यातून तीनदा जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागत नाही, हा याचा मोठा फायदा.

हे सगळे ज्या मऊ सिलिकॉनच्या नळीवर चालते ती अमेरिकेतील सिएटलमध्ये हेन्री टेंकहॉफ यांनी 1968 मध्ये मांडली. नळीवर डेक्रॉन धाग्याचे दोन छोटे कफ असतात. शरीराचे तंतू त्यांत वाढतात, त्यामुळे नळी जागी राहते आणि बाहेरच्या जंतूंची वाटही अडते. दिवसभर पोटात पाणी ठेवण्याची कल्पना पॉपोविच आणि मॉन्क्रिफ यांनी टेक्सासमधील ऑस्टिन येथे सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर पुढे आणली. तेव्हा द्रव काचेच्या बाटल्यांत यायचा, जोडण्या पुष्कळ असायच्या आणि पोटाचा संसर्ग ही नेहमीचीच गोष्ट होती. टोरांटोचे ओरिओपुलोस यांनी प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरात आणल्या. मग इटलीतील डॉक्टरांनी वायच्या आकाराची जोडणी केली. तिच्यात नवे पाणी पोटात जाण्याआधी नळीचे तोंड धुऊन निघते आणि ते धुवण रिकाम्या पिशवीत पडते. एवढ्याशा सुधारणेने पेरिटोनायटिस, म्हणजे या अस्तराचा दाह, कितीतरी घटला. पण शून्यावर आला नाही, कारण हिशेबच तसा आहे. दिवसाला चार पिशव्या म्हणजे वर्षाला जवळपास दीड हजार वेळा नळीचे तोंड उघडायचे.

आता या पाण्याकडे जंतूच्या नजरेने पाहा. पिशवीतला नेहमीचा द्रव आम्लधर्मी असतो, त्याचा पीएच साडेपाचच्या आसपास. त्यात साखर भरपूर, दीड टक्क्यापासून सव्वाचार टक्क्यांपर्यंत. अशा द्रवात पांढऱ्या पेशींना नीट काम करता येत नाही. शिवाय पोटात जमलेल्या संरक्षक पेशी आणि प्रतिद्रव्ये दर सहा तासांनी आपणच पिशवीत काढून फेकून देतो. एरवी पोटाच्या पोकळीत चमचा-दोन चमचे ओलावा असतो आणि तिथले पहारेकरी एकमेकांच्या हाताशी असतात. दोन लिटर पाण्यात ते विखुरतात. डायलिसिसच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती आधीच कमी, त्यातून अनेकांना मधुमेह, रक्तातले अल्ब्युमिन घसरलेले. आत शिरलेल्या जंतूला यापेक्षा सोयीची जागा मिळणे कठीण.

तरीही पेरिटोनायटिसच्या बहुतेक प्रसंगांत जिवाणूच सापडतात. बुरशीचा वाटा लहान, बऱ्याच डायलिसिस केंद्रांत शंभरात दहाच्या आतच. भारतातील काही केंद्रांनी तो याहून जास्त नोंदवला आहे. त्या बुरशीतही मोठा भाग कॅन्डिडाचा. हा जीव आपल्याला परका नाही. तोंडात, आतड्यात, कातडीच्या घड्यांत, योनीमार्गात तो निरोगी माणसातही राहतो आणि सहसा काही करत नाही. कॅन्डिडा अल्बिकन्स ही जात सर्वांत परिचित, तर पॅराप्सिलोसिस ही जात हातांवर आणि नखांखाली सापडते. तिला प्लॅस्टिक आणि साखरेचे द्रव दोन्ही मानवतात.

जो जीव इतकी वर्षे गुमान राहत होता तो अचानक पोटाच्या पोकळीत का पोहोचतो? या विषयातला सर्वांत महत्त्वाचा दुवा इथे आहे आणि माझ्या मते रुग्णांना तोच सर्वांत कमी सांगितला जातो. बुरशीचा पेरिटोनायटिस झालेल्यांतल्या बहुसंख्य रुग्णांनी आधीच्या काही आठवड्यांत अँटिबायोटिक घेतलेले असते. कधी ते जिवाणूंच्या पेरिटोनायटिससाठी असते, कधी नळीच्या तोंडाशी झालेल्या संसर्गासाठी, तर कधी छातीतल्या कफासाठी किंवा दाढेसाठी. आतड्यात अब्जावधी जिवाणू जागा आणि अन्न अडवून बसलेले असतात. त्यांनी तयार केलेली आम्लेही कॅन्डिडाला वाढू देत नाहीत. अँटिबायोटिकने जिवाणू मरतात, बुरशीला त्याने काहीही होत नाही. गर्दी हटली की ती पसरते. मग कधी आतड्याच्या दुबळ्या भिंतीतून, कधी शौचानंतर नीट न धुतलेल्या हातांमधून ती पोकळीपर्यंत किंवा नळीपर्यंत येते. नुकताच पेरिटोनायटिस होऊन गेला असेल तर अस्तर सोललेले असते, मग तिला रुजणे आणखी सोपे जाते. म्हणून पहिला संसर्ग बरा होत आला आणि दोन-तीन आठवड्यांनी पाणी पुन्हा गढूळ झाले, की अनुभवी परिचारिका मनात आधी बुरशीचीच शंका धरते.

कॅन्डिडा सोडून इतर बुरशाही कधीकधी येतात. ॲस्परजिलस, फ्युजेरियम यांच्यासारख्या धाग्यांच्या बुरशा आणि काळ्या रंगद्रव्याच्या बुरशा. यांपैकी कर्व्ह्युलारिया ही आपल्याकडच्या शेतकऱ्याने नाव न कळताही पाहिलेली असते. खरिपाची ज्वारी दाणा भरताना पावसात सापडली की कणसे काळी पडतात. त्या काळ्या थरातल्या बुरशांपैकी ही एक मुख्य. तिचे बीजाणू माती आणि हवा दोन्हींत असतात. डायलिसिसच्या नळीत ती शिरली तर नळीच्या आतल्या बाजूला काळे डाग किंवा काळे कण दिसू लागतात. पुष्कळांना ते जुने रक्त वाटते आणि दुर्लक्ष होते. नळीत काळे काही दिसले तर दुखत असो वा नसो, केंद्राला फोन करायचा.

एरवी मात्र बुरशीच्या पेरिटोनायटिसची स्वतःची म्हणावी अशी खूण नाही. जिवाणूंच्या दाहात होते तेच होते. पोट दुखते, मळमळते, कधी ताप येतो आणि बाहेर आलेली पिशवी ढगाळ दिसते. पिशवी छापील कागदावर ठेवायची आणि तिच्यातून अक्षरे वाचता येतात का पाहायचे, ही शिकवण जगभर दिली जाते. ती साधी आहे आणि उपयोगाची आहे. अक्षरे पुसट दिसली तर ती पिशवी फेकायची नाही, तशीच केंद्रात न्यायची. संध्याकाळपर्यंत वाट पाहून 'पुढची कशी येते बघू' म्हणणारे अनेक जण असतात. त्या एका दिवसाची किंमत पुढे मोजावी लागते.

प्रयोगशाळेत पहिल्यांदा पेशी मोजतात. पाणी पोटात किमान दोन तास राहिलेले असेल आणि त्यात दर मायक्रोलिटरमागे शंभरहून जास्त पांढऱ्या पेशी, त्यांतल्या निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल असतील, तर दाह आहे असे धरतात. मग पन्नास मिली पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ घेतात. त्यातला काही भाग ग्रॅम रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, उरलेला कल्चरसाठी रक्ताच्या कल्चर बाटल्यांत घालतात. कधीकधी रंग दिल्यावर लगेचच कळ्या फुटलेल्या गोल पेशी दिसतात आणि निदान तासाभरात होते. पण नेहमी नशीब इतके चांगले नसते. कॅन्डिडा उगवायला एक ते तीन दिवस लागू शकतात, धाग्यांच्या बुरशीला त्याहून जास्त. दरम्यान उपचार थांबवता येत नाहीत, म्हणून डॉक्टर जिवाणू धरून अँटिबायोटिक चालू करतात. ते बरोबरच आहे, कारण बहुतेकदा जिवाणूच असतात. बुरशी असेल तर मात्र पाणी स्वच्छ होत नाही आणि दिवस जातात. योग्य अँटिबायोटिक देऊनही पाच दिवसांत पाणी निवळले नाही तर जंतू कोणताही असो, नळी काढावी असा संकेत आहे. बुरशी नक्की झाली तर हे पाच दिवसही मिळत नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे. कॅन्डिडाच्या पेशी सिलिकॉनला चिकटतात, वाढतात आणि स्वतःभोवती शर्करेचा बुळबुळीत थर विणतात. पाण्याच्या टाकीच्या आतल्या भिंतीवर हात फिरवला की जो निसरडा थर हाताला लागतो, त्याच जातीची ही रचना. तिला बायोफिल्म म्हणतात. टाकीतले पाणी बदलून थर जात नाही. औषध या थरात शिरते ते फार थोडे, शिवाय आतल्या पेशी इतक्या संथ झालेल्या असतात की वाढ थांबवणाऱ्या औषधाला त्या दाद देत नाहीत. मोकळ्या तरंगणाऱ्या कॅन्डिडाला मारणारी फ्लुकोनाझोलची मात्रा थरातल्या कॅन्डिडाला पुरत नाही. पाणी चार दिवस निवळते, आपल्याला वाटते जिंकलो. पण नळीच्या आत वस्ती तशीच असते आणि तिथून ती पुन्हा पोटात पेशी सोडत राहते. पूर्वी नळी ठेवून औषधांवर भागवण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. थोड्यांना यश आले, बहुतेकांचे दिवस वाया गेले आणि दाह वाढून आतडी एकमेकांना चिकटली.

या आजारात मृत्यूचे प्रमाण केंद्रागणिक वेगळे आहे, पण चारांमागे एक हा आकडा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत येतो. जिवाणूंच्या पेरिटोनायटिसपेक्षा तो कितीतरी मोठा. दक्षिण कोरियातील एका केंद्राने आपल्याकडचे 94 प्रसंग तपासून 2011 मध्ये निष्कर्ष मांडला की नळी लवकर काढलेल्या रुग्णांचे जगण्याचे प्रमाण चांगले होते. इंटरनॅशनल सोसायटी फॉर पेरिटोनियल डायलिसिस या संस्थेची सूचना आता स्पष्ट आहे. पाण्यात बुरशी ओळखू आली की नळी ताबडतोब काढा. डॉक्टरांच्या आवाजातल्या घाईमागे ही आकडेवारी असते. मला विचाराल तर ती रुग्णाला सरळ सांगावी. 'काढावी लागेल' एवढ्याच वाक्याने माणूस घाबरतो, कारण कळले तर सही करताना त्याचा हात कमी थरथरतो.

नळी काढणे ही फार मोठी शस्त्रक्रिया नव्हे, पण कफ आत रुजलेले असल्याने ती नुसती ओढून काढत नाहीत. शस्त्रक्रियागृहात कफ सोडवून, पोटात साचलेला गाळ धुऊन ती बाहेर घेतात. त्यानंतर पोट शांत व्हायला वेळ द्यावा लागतो आणि डायलिसिस तर थांबवता येत नाही. म्हणून मानेतल्या शिरेत तात्पुरती नळी घालून रक्ताचे डायलिसिस सुरू करतात.

बुरशीची औषधे नळी काढल्यावरही किमान दोन आठवडे चालतात. फ्लुकोनाझोल हे सर्वांत वापरातले. तोंडावाटे घेतले तरी ते पोटाच्या पोकळीत चांगले पोहोचते आणि ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने मात्रा कमी करावी लागते. मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर ते घेतल्यास रक्तातली साखर एकाएकी उतरू शकते, तेव्हा आधीच्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवावी. कॅन्डिडाच्या काही जाती फ्लुकोनाझोलला मुळातच जुमानत नाहीत. तिथे कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन यांसारखी इंजेक्शने देतात. ती पेशीच्या भिंतीवरच घाव घालतात आणि मूत्रपिंड बंद असले तरी मात्रा बदलावी लागत नाही. महागडी आहेत, हे मात्र खरे. ॲम्फोटेरिसिन जुने आणि बलवान, पण शिरेतून दिले तर पोकळीत कमी उतरते, आणि थेट पोटात सोडले तर रसायनानेच दाह होऊन भयंकर दुखते. ॲस्परजिलससाठी व्होरिकोनाझोल वापरतात, आणि डायलिसिसच्या रुग्णाला शक्यतो गोळीच्या रूपात, कारण इंजेक्शनमध्ये औषध विरघळवणारा पदार्थ अंगात साठत जातो.

एवढे सगळे होण्याआधी अडवता येते का? बऱ्याच अंशी येते, आणि उपाय कठीण नाही. हाँगकाँगमधील डॉक्टरांनी 1996 मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. रुग्णाला अँटिबायोटिक देताना सोबत निस्टॅटिनच्या गोळ्या दिल्या तर बुरशीचा पेरिटोनायटिस कमी झाला. निस्टॅटिन आतड्यातून रक्तात शिरत नाही, तिथेच राहून कॅन्डिडाला दाबते. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोन अमेरिकी संशोधिकांनी ते 1950 मध्ये जगापुढे मांडले होते. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत, आणि मातीतून वाढवलेले नमुने दोघींमध्ये टपालाने ये-जा करायचे. त्यातला कामाचा जंतू हेझनच्या मित्राच्या व्हर्जिनियातील शेतातल्या मातीत निघाला. कोलंबियातील दुसऱ्या चाचणीने 2010 मध्ये निस्टॅटिनऐवजी फ्लुकोनाझोल वापरून तसाच लाभ दाखवला. त्यामुळे 2022 च्या आंतरराष्ट्रीय सूचनांत म्हटले आहे की पोटाच्या डायलिसिसवरील रुग्णाला कोणत्याही कारणासाठी अँटिबायोटिकचा कोर्स दिला तर बुरशीविरोधी औषध जोडीला द्यावे.

'कोणत्याही कारणासाठी' हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण गळती इथेच होते. मूत्रपिंडतज्ज्ञ सावध असतो, पण दाढेचे औषध दंतवैद्य लिहितो, खोकल्याचे गल्लीतला डॉक्टर. आणि अनेकदा तेही कोणी लिहीत नाही. केमिस्टकडे जाऊन 'मागच्या वेळची ती तीन दिवसांची गोळी द्या' म्हटले की ॲझिथ्रोमायसिन हातात पडते. अनेक अँटिबायोटिके 2014 पासून सरकारच्या एच-वन या औषधांच्या यादीत आहेत आणि चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे. त्याचे पालन दुकानागणिक बदलते. पोटाच्या डायलिसिसच्या रुग्णाने कोणतेही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी आपल्या केंद्राला एक फोन करावा. सर्दी-पडशाला ते बहुतेकदा लागतच नाही, म्हणून अर्धे फोन तर तिथेच संपतील.

घरची काळजी सर्वांना ठाऊक असते, तिच्यावर फार लिहीत नाही. हात साबणाने धुवावेत आणि मुख्य म्हणजे कोरडे करावेत, मास्क लावावा, पिशवी बदलताना पंखा बंद ठेवावा, नखे कापलेली असावीत, नळीचे टोक चुकून कशाला लागले तर ती जोडू नये, केंद्राला कळवावे. पावसाळ्याचे मात्र वेगळे सांगायला हवे. हाँगकाँगमध्ये उष्ण आणि दमट महिन्यांत पेरिटोनायटिस वाढताना दिसला आहे. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते. द्रवाच्या पिशव्यांचे पुठ्ठ्याचे खोके जमिनीला टेकून, ओलसर कोपऱ्यात ठेवले की पुठ्ठ्यावर पांढुरकी-काळी बुरशी चढते. खोके फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवावेत. नळीच्या तोंडावरची पट्टी ओली झाली तर लगेच बदलावी.

नळी निघाल्यावर पुन्हा पोटाच्या डायलिसिसवर येता येते का, हा प्रश्न रुग्ण रक्ताच्या डायलिसिसच्या पहिल्या आठवड्यातच विचारतो. निदान दोन आठवडे जावे लागतात, लक्षणे पूर्ण मिटावी लागतात, आणि बुरशीनंतर बरेच डॉक्टर चार-सहा आठवडे थांबणे पसंत करतात. नवी नळी घालताना दुर्बिणीतून पोटात पाहता येते. आतडी चिकटलेली आहेत का, पाणी पसरायला मोकळी जागा उरली आहे का, हे तिथेच दिसते. बुरशीच्या संसर्गानंतर परत येऊ शकणारे रुग्ण थोडे असतात, आणि ज्यांची नळी उशिरा निघाली त्यांच्यात आणखी थोडे. रक्ताच्या डायलिसिससाठी हातावर धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला साधारण दीड-दोन महिने लागतात. त्यामुळे पोटाचा रस्ता परत खुला होण्याची वाट पाहत असतानाच हाताच्या शिरांची सोनोग्राफी करून फिस्टुला तयार करायला घेतात, म्हणजे मानेतली नळी लवकर काढता येते.